चूळभर पाण्याचा कर

कोल्हापूरच्या विमानतळावर उतरलेल्या परदेशी पाहुण्याला सगळ्यात आधी काय करायला लावत असतील, सांगा बघू? फोटो नंतर, अंगठा नंतर. आधी चूळ भरायला लावतात! हसू नका. सरकारी नियम आहे, आणि मला विचाराल तर एवढा शहाणा नियम आपल्याकडं फार वर्षांत झालेला नाही.

त्याचं असं झालं की औषधं संपली. दुकानात होती, बाटल्यांवर नावंही होती, पण अंगात गेल्यावर चालेनात. सर्दी झाली, खा गोळी. कोंबडी मलूल दिसली, दे गोळी. असं करत करत आपण जंतूंना इतकं निर्ढावून ठेवलं, की साधी जखम चिघळली तरी डॉक्टर हात वर करायला लागले. तेव्हा मिरजेच्या डॉ. नसीम मुजावर यांनी एक जुनीच गोष्ट नव्यानं हातात घेतली. जंतूंनाही वैरी असतात. जीवाणुभक्षक म्हणतात त्यांना. जीवाणू आधीच डोळ्यांना दिसत नाही, आणि हे त्याच्याही अंगावर शंभरेक बसतील एवढे बारीक. माणसाच्या वाटेला जात नाहीत. आपला ठरलेला जीवाणू गाठतात, आत शिरतात, आतल्या आत पिलावळ वाढवतात आणि त्याला फोडून बाहेर पडतात. की लगेच पुढचा.

अडचण एकच होती. प्रत्येक भक्षकाचं खाणं ठरलेलं. एका जंतूवर तुटून पडणारा भक्षक दुसऱ्याकडं ढुंकूनही बघत नाही. म्हणजे रोग्यागणिक वेगळा भक्षक शोधायचा, आणि त्यासाठी हाताशी लाखो जाती हव्यात. त्या आणायच्या कुठून? बाईंनी दिल्लीला जाऊन सांगितलं, "माणसाच्या तोंडात जंतूंची अख्खी बाजारपेठ असते. जिथलं पाणी, जिथलं अन्न, तिथले जंतू, आणि तिथलेच भक्षक. सगळं जग ते तोंडात घेऊन आपल्या विमानतळावर उतरतंय, आणि आपण त्यांच्याकडनं नुसते पैसे घेतोय."

तिथून हे शुल्क आलं. परदेशी प्रवाशानं देशात येताना एकतर तीन हजार रुपये प्रवेशशुल्क भरायचं, नाहीतर खिडकीवर घोटभर पाणी तोंडात घ्यायचं, अर्धा मिनिट खुळखुळवायचं आणि बाटलीत टाकायचं. बाटली यंत्रात जाते. यंत्र तिला नंबर देतं, तिच्यातल्या भक्षकांची जनुकं वाचून मिरजेच्या पेढीला, म्हणजे बाईंच्या भक्षकांच्या साठ्याला, कळवतं, आणि बाटली थंड पेटीत ठेवतं. आठवड्यातून एकदा पेढीत देशभरच्या रोग्यांचे जंतू आणि जगभरचे भक्षक ताडून बघतात. प्रवाशाचं नाव मात्र कुठंही लिहायचं नाही, हा कायदाच. तोंडातल्या पाण्यावरनं माणसाचे नको ते आजार कळतात. नोकरी जाईल, व्हिसा अडकेल या भीतीनं कोण चूळ देईल? म्हणून खिडकीवर नऊ भाषांमध्ये पाटी होती : 'तुमचं नाव आम्ही विचारणार नाही.' शंभरातले नव्वद लोक चूळच भरत. पाच वर्षांत अकरा हजार रोगी उठून घरी गेले. आहे की नाही नाद?

कोल्हापूरच्या दोन नंबरच्या खिडकीवर गीतांजली चौगुले बसायची. पन्नाशीला आलेली, आवाजानं खणखणीत, कामाला वाघीण. तिच्या खिडकीवर रांग कधी तुंबली नाही. प्रत्येक प्रवाशापुढं छातीवर हात ठेवून ती म्हणायची, "नाव नको, गाव नको, तेवढी चूळ द्या." आणि विमानतळाचा दुभाष्या, म्हणजे भाषांतराचं यंत्र, ते प्रवाशाच्या कानात त्याच्या भाषेत सांगायचा. कोल्हापूरच्या बऱ्याच बायांसारखी तीही स्वतःबद्दल 'येतो, जातो' असंच बोलायची. दुभाष्याला सुरुवातीला ती बाई आहे की बुवा हेच कळेना, पण तोही पुढं रुळला.

एक खोड मात्र तिला होती. नियम असा, की चूळ भरायच्या आधी तासभर तोंडात काही घालायचं नाही. त्यातून गोड तर नाहीच. साखर मिळाली की तोंडातले फालतू जंतू बाटलीत बेसुमार वाढतात आणि नमुना नासतो. पण गीतांजली वाढली होती गुळाच्या मुलखात. दारात आलेल्या माणसाला आधी गूळ-पाणी द्यायचं, तो टेकला की मग कामाचं बोलायचं, हे तिच्या अंगवळणी पडलेलं. आलेल्या पाहुण्यापुढं आधी आपणच हात पसरायचा, हे तिला भिकारपणाचं वाटे. चूळ झाल्यावर गूळ द्यायला कुणाची ना नव्हती. तरी एखादी दमलेली म्हातारी, एखादी लेकुरवाळी दिसली, की गीतांजलीचा हात आधीच डब्यात जायचा. "एवढ्याशा खड्यानं काय होतंय? वर पाणी पितात की!" असं म्हणायची. बहुतेक बाटल्या निभावून जात. एखादीला यंत्र 'साखर' अशी चिठ्ठी लावून बाहेर टाकायचं. टाकलेली बाटली त्याच दिवशी वाफेच्या भट्टीत जायची आणि चिठ्ठी गीतांजलीच्या खणात.

त्या शनिवारी ओतकामाच्या प्रदर्शनासाठी एकशे शहाऐंशी परदेशी पाहुणे एकाच विमानानं आले. विमान चार तास उशिरा, माणसं आंबलेली. गीतांजलीला राहवेना. ती डबा घेऊन रांगेतनंच फिरली. एक तुर्की गृहस्थ, पैशाच्या पावतीवरनं कळलं ते येनर नावाचे, तेवढे बिथरले. "मी काय जनावर आहे का, तोंड उघडून बघायला? मी थुंकी विकत नाही," असं म्हणून त्यांनी तीन हजार रुपये खिडकीवर आपटले आणि तरातरा निघून गेले. बाकीच्यांनी हसत गूळ खाल्ला, हसत चूळ भरली. त्या दिवशी यंत्रानं एक्केचाळीस बाटल्या टाकल्या.

गीतांजलीचं तिकडं लक्षच नव्हतं. तिचा नवरा संग्राम तेव्हा दवाखान्यात होता.

संग्राम शिरोलीच्या एका कारखान्यात मोल्डर. वाळूचे साचे करायचे, तापलेलं लोखंड ओतायचं, दिवसभर पायांवर उभं राहायचं. दीड महिन्यापूर्वी साच्याची पेटी साखळीतनं निसटून त्याच्या डाव्या नडगीवर आली. हाड जोडलं, सळई घातली, आणि आठव्या दिवशी जखम पाझरायला लागली. जंतू हाडात उतरला होता. कुठला, कुठून आला, कोण जाणे. जंतूंना काही व्हिसा लागत नाही. होती नव्हती ती औषधं देऊन झाली. सोमवारी डॉ. पट्टणशेट्टींनी गीतांजलीला बाजूला घेतलं.

"वहिनी, पेढीला जंतू पाठवून महिना झाला. भक्षक मिळाला असता तर आत्तापर्यंत कळवलं असतं. विष वर चढायला लागलंय. शुक्रवारी पाय काढायचा. गुडघ्याच्या वरनं."

"शुक्रवारपर्यंत मिळाला तर?"

"मिळाला तर मी सोमवारपर्यंत थांबेन. पण आशेवर जीव टांगणीला लावू नका."

मंगळवारी दहाच्या सुमाराला मिरजेहून स्वतः मुजावरबाईंचा फोन आला. बाईंचा आवाज कोरडा होता.

"चौगुलेताई, तुमच्या मालकांच्या जंतूला भक्षक सापडला. एकदम चपखल बसतोय. मी बारा वर्षांत इतका चांगला जोड पाहिला नाही."

"देवा! मग कधी देताय? आज?"

"बाटली कोल्हापूरची आहे. शनिवारची. यंत्रानं जनुकं वाचली, मग साखर निघाली म्हणून बाटली बाद केली. शनिवारीच वाफवली. माझ्याकडं आता नुसती जनुकांची अक्षरं आहेत, ताई. जिवंत भक्षक नाही. साखर उसाची आहे. तुमच्या खिडकीच्या बऱ्याच बाटल्यांमध्ये असते. हे कसं होतंय?"

गीतांजलीनं फोन ठेवला. ती तशीच खुर्चीत बसून राहिली. खिडकीसमोर माणसं उभी होती, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिची रांग तुंबली.

दुपारी तिनं संग्रामला सगळं सांगितलं. लपवणं तिच्या रक्तात नव्हतं. संग्राम उशीला टेकून ऐकत होता. तापानं चेहरा ओढलेला, पण डोळे अजून भट्टीसमोर उभं राहणाऱ्या माणसाचे.

"म्हणजे माझं औषध तुझ्या खिडकीवर आलं होतं," तो म्हणाला.

"होय."

"आणि तू त्याला गूळ चारलास."

"अहो, मला काय ठाऊक..."

"नियम ठाऊक होता न्हवं? पाटीवर लिहिलाय न्हवं? पण न्हाई! आमच्या बाईसाहेबांना दानशूर व्हायचंय. सगळ्या दुनियेचं गोड तोंड करायचंय. फुकटचा मोठेपणा! तुझ्या गुळानं माझा पाय खाल्ला, गीता."

संग्रामनं भिंतीकडं तोंड फिरवलं. बावीस वर्षांच्या संसारात भांडणं मोप झाली होती, पण त्यानं तिच्याकडं पाठ कधी केली नव्हती. तिला त्याच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला, आणि आपल्याच हाताची तिला चीड आली.

विमानतळावर परत येऊन तिनं खण उपसला. मुजावरबाईंनी सांगितलेला नंबर चिठ्ठ्यांमध्ये सापडला. खाली छापलेलं होतं : खिडकी दोन, अकरा वाजून बेचाळीस मिनिटं.

कॅमेऱ्यांच्या खोलीत वाघमोडे होते. सुरक्षेतले, जुने, गीतांजलीला बहीण मानणारे. त्यांनी चिठ्ठी बघितली आणि दार लावून घेतलं.

"ताई, दोन मिंटाचं काम हाय. अकरा बेचाळीस लावतो. तोंड दिसलं की पासपोर्टाशी जुळवतो, हॉटेल कळतंय. उद्या दुपारी दोनला ती सगळी माणसं परत जाणार. गेली की गेली."

"कायद्यात बसत नाही, वाघमोडे."

"पाय दाजींचा हाय. मी काय कुणाला सांगत नाही, तुम्ही सांगू नका. आणि जायची तर माझी नोकरी जाईल की, तुमचं काय जातंय?"

गीतांजलीनं पडद्यासमोर खुर्ची ओढली, म्हणजे होकारच. वाघमोड्यांनी वेळ लावली. पडद्यावर दोन नंबरची खिडकी आली. समोर कुणीतरी उभं होतं. कोपर दिसत होतं, राखाडी बाही दिसत होती, चेहरा अजून खांबाआड होता. एक पाऊल पुढं पडलं की दिसणार होता. आणि खिडकीमागं स्वतः गीतांजली. आवाज नव्हता, पण तिला तो लागला नाही. पडद्यावरची गीतांजली छातीवर हात ठेवून काहीतरी म्हणत होती. काय म्हणत होती, ते बघणाऱ्या गीतांजलीला पाठ होतं. रोज तीनशे वेळा म्हणायची ती.

"थांबवा," ती म्हणाली.

"आता दिसंल की चेहरा..."

"थांबवा म्हणतोय न्हवं! मी माझ्या तोंडानं त्या माणसाला शब्द दिलाय. बघा की, समोर दिसतोय देताना." तिला रडू फुटलं. "आज मी माझ्या नवऱ्यासाठी नाव काढलं, उद्या कोण दुसरं काढील. मग कोण कशाला येतंय त्या खिडकीवर? ते अकरा हजार काय आभाळातनं पडून बरे झाले?"

वाघमोड्यांनी पडदा काळा केला. तिनं चिठ्ठी त्यांच्या हातावर ठेवली. "फाडा." ते फाडेनात. "फाडा, वाघमोडे, नाहीतर मी परत मागंन." मग त्यांनी तिचे चार तुकडे केले.

बाहेर येऊन तिनं मुजावरबाईंना फोन लावला. गुळाचं सगळं कबूल केलं. नंतर विचारलं, "बाई, जाणाऱ्या माणसाकडनं शुल्क म्हणून चूळ घेता येत नाही. पण कुणी आपखुशीनं दिली तर?"

"देणाऱ्याला कायदा अडवत नाही," बाई म्हणाल्या. "पण ताई, ते लोक येतानाचा कर भरून बसलेत, जातानाचा कर भरणार आहेत, प्रदर्शनानं दमलेत. कशासाठी देतील?"

"ते मला माहीत नाही. मागून बघतो."

"मी यंत्र घेऊन येते," बाई म्हणाल्या. "आणि नीट ऐका. या वेळी कुणाच्या तोंडात काहीही जाता कामा नये. पाण्याच्या घोटाशिवाय काही नाही."

खरी मेख तिथं होती. जन्मात कधी रिकाम्या हातानं मागितलं नव्हतं, त्या बाईला आता भर दालनात, परक्या माणसांपुढं, रिकामे हात घेऊन उभं राहायचं होतं.

बुधवारी बाराला निर्गमन कराच्या खिडकीसमोर रांग लागली. कुरकुर सुरूच होती. "येताना शुल्क, जाताना कर, हवेचं काय घेता ते पण सांगा," असं कुणीतरी म्हणालं आणि बाकीचे हसले. भिंतीकडेला मुजावरबाई आपलं छोटं यंत्र आणि कोऱ्या बाटल्यांचे खोके मांडून बसल्या होत्या. विमानतळाच्या साहेबांनी दुभाष्या दालनभर खुला करून दिला. गीतांजली एका सामानाच्या गाडीवर चढली. कानातल्या दुभाष्यातनं आवाज आला तशी माणसं वळून बघायला लागली.

"नमस्कार. मी गीतांजली. शनिवारी तुम्हाला गुळाचा खडा दिला, ती मीच. तो खडा द्यायचा नव्हता. त्या गुळानं तुमच्यापैकी एक्केचाळीस जणांच्या बाटल्या वाया गेल्या. त्यातल्या एकीत माझ्या नवऱ्याच्या पायाचं औषध होतं. परवा त्यांचा पाय काढणार आहेत. औषध तुमच्यातल्या कुणाच्या तोंडात आहे, मला माहीत नाही. मी शोधलं नाही, शोधणारही नाही. तुमचं शुल्क शनिवारीच फिटलंय, आज तुम्ही आमचं काही लागत नाही. मी नुसतं मागतोय. द्यायला माझ्याकडं आज काही नाही, गूळसुद्धा नाही. ज्याला द्यावंसं वाटतंय त्यानं चूळ द्या. नाही वाटलं तर खुशाल जा, माझा राग नाही."

माणसं एकमेकांकडं बघायला लागली, मग हातातल्या फोनकडं, मग घड्याळाकडं. एक बाई बॅग ओढत पुढं निघून गेली. तिच्या मागनं दोघं गेले. गीतांजलीला वाटलं, संपलं.

इतक्यात रांगेतनं येनर बाहेर आले. तेच ते, पैसे आपटणारे. गच्च मिशा, कोट हातावर. सरळ यंत्राकडं गेले आणि पाण्याचा पेला उचलला.

गीतांजली धावत गेली. "साहेब, तुम्ही तेव्हा दिलीच नव्हती. पैसे भरले होते. तुमच्या चुळीचा मला उपयोग नाही."

"माहीत आहे," दुभाष्या येनर यांच्या वतीनं म्हणाला. "त्या दिवशी तुम्ही वसूल करत होता, म्हणून नाही दिली. आज मागताय." त्यांनी आवाज खाली आणला. "आणि बाई, मागची माणसं कुणीतरी पहिला व्हायची वाट बघतायत. होतो मी पहिला. तुम्ही बाजूला व्हा."

त्यांनी पाणी तोंडात घेतलं, दालनाकडं तोंड करून गाल फुगवून अर्धा मिनिट खुळखुळवलं, चांगला आवाज करत, आणि बाटलीत टाकून मिशा पुसल्या. कुणीतरी हसलं. एक म्हातारी पुढं आली. तिच्यामागं प्रदर्शनातली चार तरुण पोरं आली. मग रांगच वळली. निर्गमन कराची रांग तुटली आणि चुळीची लागली. पुढं गेलेली ती बॅगवाली बाईही परत आली. मुजावरबाईंना बाटल्या पुरवताना हात कमी पडायला लागले, तेव्हा वाघमोडे टोपी काढून त्यांच्या मदतीला बसले. नाव कुणी विचारलं नाही. गीतांजली प्रत्येकापुढं हात जोडून उभी होती. आपण रडतोय याचं तिला भान नव्हतं, आणि असतं तरी तिनं पर्वा केली नसती.

विमान पंचवीस मिनिटं उशिरा सुटलं. उशिराचं कारण म्हणून वैमानिकानं आत काय सांगितलं असेल, ते तुम्हीच विचार करा. एकशे शहाऐंशीतल्या एकशे त्रेसष्ट जणांनी चूळ दिली होती.

मुजावरबाई तडक मिरजेला गेल्या. गुरुवारी दुपारी त्यांनी गीतांजलीला प्रयोगशाळेत बोलावलं आणि एक काचेची चपटी बशी उजेडासमोर धरली. बशीत पिवळट पातळ साय धरल्यासारखं दिसत होतं.

"हे तुमच्या मालकांचे जंतू. रात्रभरात एवढे वाढले. आणि हे बघा." सायीत कुंकवाच्या टिकलीएवढी स्वच्छ, आरपार जागा होती. तिच्या शेजारी आणखी एक. मग आणखी सहा-सात. "इथं भक्षकांनी जंतू खाल्ले. एकही शिल्लक नाही. बाटली नंबर सत्त्याण्णव."

"कुणाची?"

"नंबर सत्त्याण्णव," बाई शांतपणे परत म्हणाल्या, आणि गीतांजलीनं मान हलवली.

शुक्रवारी पाय निघाला नाही. सोमवारी पहिली बाटली शिरेतनं आणि जखमेतनं सोडली. गुरुवारी ताप उतरला. त्या दिवशी दुपारी संग्रामनं भिंतीकडची कूस बदलली आणि तिचा हात ओढून स्वतःच्या कपाळावर ठेवला. "मी जे बोललो ते बोललो," तो म्हणाला. "लागलं असंल. मला भ्या वाटत होतं, गीता." ती म्हणाली, "मलाबी." त्यावर दोघांनीही आणखी काही बोलायची गरज नव्हती. महिन्यानं जखम भरली, अडीच महिन्यांनी काठी सुटली.

गीतांजलीला कार्यालयाकडून कडक समज मिळाली. मिळायलाच हवी होती, तीच म्हणाली. गुळाचा डबा आता खिडकीच्या पलीकडं, चूळ झाल्यावरच उघडतो. पण त्याच कार्यालयानं आणखी एक गोष्ट केली. मुजावरबाईंनी देशभरात बाद होणाऱ्या बाटल्यांचे आकडे मांडून दाखवले आणि सगळ्या विमानतळांवर निर्गमनाच्या बाजूला एक खिडकी निघाली. तिथं शुल्क नाही, सवलत नाही, काही मिळत नाही. नुसती विनंती. पहिल्याच वर्षी त्या खिडकीवर येतानाच्या खिडकीपेक्षा जास्त चुळा जमल्या. हे कसं काय, याचं गणित अजून कुणाला सुटलेलं नाही. मला तर ते सुटूच नये असं वाटतं.

राहिला संग्राम. त्याच्या डोक्यातनं एकच गोष्ट जाईना.

"कोण होता तो?"

"माहीत नाही."

"बाई का बाप्या?"

"माहीत नाही हो."

"अगं, मग मी पाया कुणाच्या पडू?"

एका रविवारी तो चालत, बिनकाठीचा, विमानतळावर आला. पांढरा सदरा, डोक्याला फेटा, लग्नाला निघाल्यागत. निर्गमनाच्या दाराशी उभा राहिला आणि येणाऱ्या प्रत्येक परदेशी माणसाला हात जोडायला लागला. इंग्रजीचे त्यानं दोनच शब्द पाठ केले होते. पायाकडं बोट दाखवायचा आणि म्हणायचा, "माय लेग. थँक्यू." माणसं बावरायची, हसायची, काही जण अंतर राखून जायचे. एका मुलीनं त्याच्यासोबत फोटो काढला.

गीतांजली लगबगीनं खिडकी सोडून आली. "अहो, काय करालाय हे? ही माणसं परवा पहिल्यांदा आल्यात इथं. ह्यांच्यात तो नाही. तो केव्हाच गेला त्याच्या गावाला."

"मला कळतंय की तेवढं."

"मग?"

"त्यानं चूळ देताना माझं नाव विचारलं होतं?"

ती त्याच्या जोडलेल्या हातांकडं बघत राहिली.

"मग मी तरी कशाला त्याचं विचारू?" संग्राम म्हणाला. समोरनं एक वयस्क जोडपं जड बॅग ओढत येत होतं. तो पुढं झाला, दोन्ही पाय रोवून वाकला आणि त्यांची बॅग उचलून गाडीवर ठेवली.